ते पुन्हा विचारतंय

१२ जानेवारी ९९, मंगळवार

क्लासवर फोन. बॅच चालू होती, पोरं टायपिंगच्या धड्यावर खडखडाट करत होती. उचलला तर तोच आवाज. "हॅलो, जळगाव का? धुळ्याहून बोलतोय. ते पुन्हा विचारतंय."

जळगाव का म्हणे! जसं काही अख्ख्या जळगावाने मिळून फोन उचललाय. पोटच्या पोरीला नाव असतं, तुम्हीच ठेवलंत ते, विजया. घेतलं तर जीभ झिजते की काय आबांची.

मी म्हटलं, "काय विचारतंय?" तर पडद्यावरचं इंग्रजी वाक्य शेवटपर्यंत वाचून दाखवलं, साक्ष वाचावी तसं. ब्राउझरची नवीन आवृत्ती आली आहे, आता उतरवून घेऊ का? म्हटलं, "मग तुम्ही काय केलंत?" "हो म्हटलं." झालं! आता ते बसलं असणार.

रविवारी धुळे.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. तिळगूळ केला. दुपारी विचार करत बसले, रविवारी थोडा डब्यात घालून न्यावा का. दुरुस्तीला जाणारा माणूस तिळगूळ नेतो का कुठे. आणि नेला तर काय म्हणून देऊ, गोड बोला?

चिनू म्हणाली, "आई, तू धुळ्याला कोणाकडे जातेस गं?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरकडे." सात वर्षांच्या पोरीला एवढं पुरतं. निदान आज पुरलं.

१७ जानेवारी, रविवार

सकाळच्या गाडीने धुळे. पारोळ्यापर्यंत उभीच.

मशीनचं नेहमीचंच. ब्राउझर उघडतच नाही. नवी आवृत्ती उतरवायला घेतं, फोनची लाइन मध्येच तुटते, अर्धीमुर्धी फाइल तशीच पडून राहते. पुढच्या वेळी त्या अर्ध्या फाइलवरच उठून उभं राहायला बघतं आणि कोसळतं. अर्धी फाइल काढली. सीडीवरून जुनीच आवृत्ती पुन्हा घातली. मोडेमने बराच वेळ किरकिर केली, मग लागला. नितीनचं इंटरनेटवरचं पान उघडलं. नवा फोटो होता, त्याची पोरगी बर्फात, टोपीत बुडालेली. आबा खुर्ची ओढून जवळ बसले. माझ्याजवळ नव्हे, पडद्याजवळ.

नितीनने दिवाळीत अमेरिकेहून येऊन हे मशीन घेऊन दिलं ते याचसाठी, नात बघायला मिळावी. आणि जाताना आबांना सांगून गेला, "अडलं तर विजूला फोन करा, तिचा क्लासच आहे कॉम्प्युटरचा." भावाने माझ्यावर केलेला एवढाच उपकार, पण मोठा केला.

मी म्हटलं, "आबा, दर वेळी हो कशाला म्हणता? नाही म्हणावं."

"नाही म्हणायला कारण लागतं. माझ्याकडे काय कारण आहे?"

"मग उत्तरच देऊ नका."

"लेखी विचारलंय. उत्तर नाही दिलं की एकतर्फी निकाल होतो."

सगळी नोकरी कोर्टात नाझर म्हणून गेली. नोटिशीला उत्तर न देणारा माणूस त्यांच्या लेखी माणसातच नाही. मला हसू आलं, आणि हसताहसताच डोकं फिरलं. मशीनला नाही म्हणायला यांना कारण लागतं! नव्वद साली याच खोलीत मी लग्नासाठी दिलीपचं नाव काढलं तेव्हा कुठे गेलं होतं कारण? मी विचारलंही होतं. "कारण सांगायची गरज नाही," एवढंच ऐकवलं होतं. जन्मभरात एकदाच कोणाला तरी ठामपणे नाही म्हणाले, ते मला.

चहा त्यांनीच केला. कप माझ्या हातात दिला नाही, की-बोर्डच्या बाजूला ठेवला. मी तिळगुळाचा डबा मॉनिटरशेजारी ठेवून आले. म्हटलं, आपणही काही कमी नाही.

१८ जानेवारी, सोमवार

लिहूनच टाकते, नाहीतर दिवसभर डोक्यात फिरत राहील.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण. 'नवीन आवृत्ती आली का ते आपोआप बघत जा.' ती खूण काढली की विषय मिटला, मशीन जन्मात पुन्हा विचारणार नाही. क्लासमधल्या सगळ्या मशीनवरची मी पहिल्याच दिवशी काढली. धुळ्याची काढत नाही. दिवाळीपासून जेवढ्या वेळा गेले तेवढ्या वेळा तिथपर्यंत पोचले, बघितली, आणि तशीच ठेवून आले.

दिलीपला कळलं तर म्हणेल, नवरा म्हणून नाही, कारागीर म्हणून लाज वाटते तुझी. त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. त्याच्या धंद्यात पंप पुन्हा बिघडला तर शेतकरी शिव्या घालतो. माझ्या धंद्यात पुन्हा बिघडलं की बाप फोन करतो.

असू दे. नऊ वर्षांत दुसरं काही केलेलं नाही आबांनी. आई गेली तेव्हासुद्धा मी अंगणातून रडून परत आले.

२९ जानेवारी, शुक्रवार

"जळगाव का?"

हो बाबा, जळगाव. पुढची तारीख ३१. (कोर्टवाल्यांच्या घरात वाढल्यावर भेटीला तारीखच म्हणणार.)

३१ जानेवारी, रविवार

धुळे. तेच काम, तीच अर्धी फाइल.

क्लासवर नवा स्कॅनर आलाय. चिनूचा स्नेहसंमेलनातला फोटो, नऊवारीतला, नथ एका बाजूला घसरलेली, फ्लॉपीवर घालून नेला होता. पर्समध्ये ती फ्लॉपी सारखी हाताला लागत होती. नेईपर्यंत धीट होते, तिथे गेल्यावर समोर काढायचं धाडस होईना. आबा चहा टाकायला आत गेले तेव्हा पटकन पडद्याच्या मागचं चित्र बदललं. ब्राउझर बंद केला की आता हिरव्या पडद्याऐवजी चिनू.

बाहेर आले. बघितलं. कप ठेवला. काढ म्हणाले नाहीत, कोण आहे म्हणाले नाहीत. कोण आहे ते कळायला काय, नाक त्यांचंच आहे.

तिळगुळाचा डबा परत दिला. धुऊन पुसून. आत काही नव्हतं, पण रिकामा तरी झाला होता.

१४ फेब्रुवारी, रविवार

घरी आल्याआल्या आधी वही काढली.

मशीन चालू केलं तर चिनू तिथेच. आणि पडद्यावरची सगळी छोटी चित्रं, ती ब्राउझरची, फोल्डरची, डाव्या बाजूला असतात ना ओळीने, ती एक एक करून उजव्या कडेला नेऊन ठेवलेली. डाव्या बाजूला चिनूचा चेहरा येतो. त्याच्यावर आता एकही चित्र नाही. मी शिकवलेलं नाही हे. स्वतःच माऊस धरून, किती वेळ लागला असेल कोण जाणे.

मी अर्धी फाइल काढत होते तेव्हा मागून म्हणाले, "कितवीत?"

"दुसरीत."

"हं."

बस्स. एवढंच. पारोळा येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली, तिला वाटलं मला गाडी लागली.

आज मनात आलं, या वर्षी आखाजीला बोलावतील का? अख्ख्या खानदेशातल्या लेकी आखाजीला माहेरी जातात, कोणीतरी मुराळी येतो न्यायला, झोके, सांजोऱ्या, गाणी. माझ्यासाठी नऊ आखाज्या कोणी आलं नाही. मीही ठरवून ठेवलंय, बोलावल्याशिवाय सणाला त्या उंबऱ्यात जायचं नाही. मशीनसाठी जाते ती गोष्ट वेगळी.

दिलीपला सांगितलं नाही यातलं काही. फोटोचंही नाही. तो लगेच काहीतरी उपाय सुचवेल आणि मला उपाय नकोय.

२८ फेब्रुवारी, रविवार

संपलं सगळं. मीच संपवलं. पण काय करणार, माणूस आहे मी.

काम अर्ध्यावर आलं होतं. आबा बरे होते आज, चहाबरोबर चिवडाही ठेवला होता. तेवढ्यात दारात कोणीतरी हाक मारली. बोदवडचे एक जुने कारकून, कोर्टात यांच्या हाताखाली होते, पुतण्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेले. मी लहान असताना बघितलं असेल त्यांनी मला, पण ओळखलं नाही. बसले, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "या कोण?"

आबा म्हणाले, "या कॉम्प्युटरच्या बाई. जळगावहून येतात दुरुस्तीला."

मी की-बोर्डवर हात तसाच ठेवून बसले. वाटलं, आता पुढे काहीतरी म्हणतील. त्यांनी लग्न कुठल्या हॉलमध्ये आहे ते विचारलं.

मग माझं डोकं सटकलं. आवाज नाही केला, ती पद्धत आमच्या घरात नाही. कॉम्प्युटरची बाई ना? मग कॉम्प्युटरच्या बाईसारखं काम करते. सेटिंगमध्ये गेले आणि ती खूण काढली. आणि चिनूला पण काढलं. परक्यांच्या पडद्यावर माझी पोर कशाला? पडदा हिरवा झाला. मशीनशेजारी राहिलेली तिची फ्लॉपी पर्समध्ये टाकली.

उठून म्हटलं, "झालं काम. आता पुन्हा विचारणार नाही."

"पुन्हा कधीच नाही?"

"कधीच नाही."

पाहुणे म्हणाले, "वा, बाई हुशार दिसतात."

चिवडा तसाच टाकून आले.

२ मार्च, मंगळवार

होळी. पुरणपोळ्या केल्या, दोन करपवल्या. दिलीप म्हणाला, "काय झालंय तुला दोन दिवस?" म्हटलं, काही नाही.

मी बरोबरच केलं. कोणीही हेच केलं असतं. माझा अपमान मी का गिळायचा? त्यांना लोकांची लाज वाटते ना माझी? वाटू दे. बसा म्हणावं आता हिरवा पडदा बघत.

१० मार्च, बुधवार

क्लासचा फोन वाजला की अजून हातातलं टाकून धावते. आज कोणीतरी फीची चौकशी करत होतं, मी इतक्या तुटकपणे बोलले की बिचाऱ्याने फोनच ठेवून दिला. ग्राहक घालवला. कर्म माझं.

धुळ्याचा फोन यायला पाहिजे होता एव्हाना. दोन आठवड्यांवर कधी जात नसे. पण येणार कुठून? मशीन विचारणारच नाही, तर ते मला कशासाठी फोन करतील? शहाणीच आहे मी. स्वतःच्या हाताने तार कापली आणि वर वाट बघत बसलेय रिंग वाजण्याची.

१८ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढी उभारली. चिनूला साखरेची गाठी घातली गळ्यात, फोटो काढला. काढताना उगाच वाटलं, हा पडद्यावर छान दिसला असता.

आता राग शोधावा लागतो. सापडत नाही. डोळ्यांसमोर 'कॉम्प्युटरच्या बाई' आणायला बघते आणि येतात ती उजव्या कडेला सरकवलेली चित्रं. एवढा म्हातारा माणूस, माऊस धरायची सवय नाही, आणि पोरीच्या तोंडावर काही येऊ नये म्हणून... आणि मी काय केलं? सगळं चित्रच उचलून घेऊन आले, तेही पाहुण्यांच्या देखत. त्यांनी मला नाकारलं ते माझ्यापुरतं होतं. मी चिनूला कशाला ओढलं त्यात? तिला तर त्यांनी जागा करून दिली होती.

फार वाईट झालं माझ्याकडून. फार म्हणजे फारच.

२४ मार्च, बुधवार

नितीनची मेल. बाकी नेहमीचं, पोरीला दात आले, थंडी गेली. मध्येच एक ओळ: आबांना फोन केला होता, म्हणतात मशीन हल्ली गप्प झालंय, काही म्हणजे काही विचारत नाही. मी म्हटलं मग चांगलंच आहे की, तर म्हणाले, हो, चांगलंच आहे. विजू, तू कायमचं नीट केलंस वाटतं. थँक्स.

थँक्स म्हणतोय! डोंबल कायमचं नीट.

उत्तर लिहायला घेतलं दोनदा. जमलं नाही.

२७ मार्च, शनिवार

आज मीच धुळ्याला फोन लावला. क्लास सुटल्यावर, दार ओढून घेऊन.

"हॅलो."

"मी बोलतेय. मशीन ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"काही त्रास?"

"नाही. आता काही विचारत नाही."

"बरं."

"बरं."

तिकडे पंख्याचा आवाज येत होता. मला म्हणायचं होतं, आबा, मी खूण परत घालते, चिनूचा पाडव्याचा फोटो आहे, तो आणते. नुसतं 'येऊ का' म्हणायचं होतं. तोंडात शब्द तयार होता. तेवढ्यात ते म्हणाले, "ठेवू का मग?" आणि मी म्हटलं, "ठेवा."

ठेवा म्हटलं मी! 'नको' म्हणायला काय धाड भरली होती? त्यांची लेक शोभते खरी.

१० एप्रिल, शनिवार

पारोळ्याला एका शाळेत मशीन बसवायचं होतं. धुळ्याच्याच गाडीत बसावं लागलं. शेजारी एक म्हातारी, मांडीवर कैऱ्यांची पिशवी. माझ्याकडे बघून म्हणाली, "माहेरले जाई ऱ्हायनी का, माय?"

"नै आजी, काम शे."

"आते आखाजी येई ऱ्हायनी. बठ्ठ्या लेकी माहेरले जातीन. तुले कोन येस लेवाले?"

कोण येतं न्यायला? काय सांगू. म्हटलं, "येस ना, फोन येस."

"फोन?" म्हातारी खूप हसली. तिला तो मोठाच विनोद वाटला. मला मात्र बोलल्यावर कळलं की खोटं नाही बोलले. येत होताच की फोन. दर पंधरा दिवसांनी मुराळी येत होता माझ्याकडे. "ते पुन्हा विचारतंय" म्हणत येत होता. मशीन विचारत होतं ते विचारत होतं, पण आबा तर जुन्या कारकुनाला, शेजाऱ्याला, कोणालाही बोलावू शकले असते. धुळ्यात काय कॉम्प्युटरवाले नाहीत? चार गल्ल्यांत एक क्लास आहे. एवढी साधी गोष्ट मला त्या म्हातारीशेजारी बसल्यावर कळली.

पारोळ्याला उतरले. गाडी पुढे धुळ्याला गेली. काम होतं म्हणून उतरले, पण शाळेत पोचेपर्यंत वाटत राहिलं की चुकीच्या ठिकाणी उतरलेय.

१६ एप्रिल, शुक्रवार

क्लास आजपासून तीन दिवस बंद, आखाजी. परवा, रविवारी. सगळीकडे मातीच्या घागरी आल्यात विकायला. आबा सणाला आईच्या नावाने घागर भरतात, एकटेच भरत असतील. सांजोऱ्या कोण करून देत असेल.

या वर्षी तरी, असं मनात येतं आणि मग आठवतं की मार्ग मीच बंद केलाय. कशाच्या निमित्ताने बोलावतील? निमित्त लागतं त्यांना. कारण लागतं. मला हे माहीत होतं, सगळ्या जगात मला एकटीला माहीत होतं.

१७ एप्रिल, शनिवार, संध्याकाळ

आधी जे झालं ते नीट लिहिते. मग काय ते.

दुपारी बाजारात गेले होते, घागर, आंबे, खरबूज. उन्हाने जीव गेला. घरी आले तर दिलीप दारातच. चेहरा असा फुललेला की मला वाटलं दुकानाला मोठं काम मिळालं.

"आबांचा फोन होता!"

माझ्या हातातून आंबेच पडले. क्लास बंद म्हणून तिथे कोणी उचलला नसणार. पण घरचा नंबर? मी तो त्यांना कधी दिलेलाच नाही. दिलीपकडून एक एक करून काढून घेतलं सगळं. त्याला घाई नाही, तो चवीचवीने सांगत होता.

म्हणाले, "विजू आहे का?"

जळगाव का, नाही. विजू आहे का. मी तीनदा विचारलं, नक्की असंच म्हणाले? नक्की, म्हणाला.

हा म्हणाला, बाजारात गेलीय, मी दिलीप बोलतोय. मग याला वाटलं लाइन कट झाली. मग म्हणाले, "हो. डिरेक्टरीत तुमच्याच नावावर सापडला नंबर." नऊ वर्षांत ज्याचं नाव तोंडातून काढलं नाही, ते आडनावासकट शोधून काढलं, चष्मा लावून, बारीक अक्षरात.

मग म्हणाले, "ते पुन्हा विचारतंय."

आणि माझा हा गुणाचा नवरा! त्याला फोनवरून बिघाड सांगितला की राहवतच नाही. कोणाचा पंप असो, फ्रिज असो. त्याने विचारलं, काय विचारतंय? आबांनी जरा अडखळत सांगितलं, नवीन आवृत्तीचं. हा म्हणाला, "अहो मग सोपं आहे आबा. नाही म्हणायचं. नाहीवर दाबा, बंद होईल. एवढ्यासाठी विजूने उन्हाचं धुळ्याला यायची काहीच गरज नाही."

मी आंबे गोळा करायचे सोडून दिले.

"आणखी काहीतरी म्हणत होते," दिलीप म्हणाला. "मागचं चित्र गेलंय म्हणे. पडद्याच्या मागचं. म्हटलं, ते नुसतं शोभेचं असतं, त्यावाचून मशीनचं काही अडत नाही."

"मग?"

"मग काय, बरं म्हणाले. आणि ठेवला." आणि वर म्हणतो कसा, "बघ, पहिल्यांदा बोलले माझ्याशी, आणि पहिल्याच फटक्यात काम पण केलं त्यांचं!"

त्याला काय म्हणू? त्याला काही ठाऊकच नव्हतं. मी फोटोचं सांगितलं नाही, खूण काढल्याचं सांगितलं नाही, काहीच सांगितलं नाही. सगळं एकटीने पोटात ठेवलं होतं. त्याच्यावर ओरडले तरी. मग रडले. मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो म्हणाला, "म्हणजे ते चित्र आपल्या चिनूचं?"

त्यालाही मग डोळे पुसावे लागले.

आणि एक गोष्ट त्याला सांगतासांगता लक्षात आली. ते विचारणं शक्यच नाही. खूण मी माझ्या हाताने काढलीय. मशीन पुन्हा विचारूच शकत नाही. कोर्टात साक्षीदार खोटं बोलला की यांना घाम फुटायचा, असे आबा. म्हणून अडखळत होते. वाक्यसुद्धा पाठ होतं तेच सांगितलं असणार, जानेवारीतलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी. लेकीच्या घरी. जावयाच्या नंबरवर. आणि त्याला आमच्याकडून उत्तर गेलं, नाही म्हणा.

लगेच फोन लावला. एंगेज. पाणी पिऊन पुन्हा लावला. एंगेज. दिलीपने लावला. एंगेज. मग मीच परत. म्हटलं, नेटवर बसले असतील, पण ते सकाळी बसतात, ऊन चढायच्या आत. रिसीव्हर नीट ठेवला नसेल? त्यांचा? शक्य नाही. बोट दुखायला लागलं तरी मी लावतेच आहे, तोच टुंग टुंग आवाज.

मग चिनू म्हणाली, "आई, ते आपल्याला लावत असतील ना?"

अगं बाई. तसं असेल तर दोघांनाही एंगेजच लागणार. मी त्यांना, ते मला. दोघांपैकी एकाने हात काढल्याशिवाय लागायचाच नाही.

मी रिसीव्हर खाली ठेवला. मला वाट बघता येत नाही, लहानपणापासून येत नाही, आबाच म्हणायचे. पण आज मीच थांबते. वही घेऊन फोनशेजारी बसलेय. दिलीपने पंखासुद्धा बंद केलाय, रिंग ऐकू यावी म्हणून. चिनूला सांगून ठेवलंय, वाजला की तू उचलायचा. पलीकडून कोणी "कोण?" विचारलं तर नाव सांगायचं, पूर्ण.

फ्लॉपी पर्समध्ये आहे. सकाळची पहिली गाडी साडेसहाला.

अजून वाजलेला नाही.